बारावी पिशवी

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या स्टोअरला खाडीकडे तोंड करून एक खिडकी आहे आणि त्या खिडकीत बरण्यांची रांग आहे. नवीन माणसाला लांबून वाटतं, लोणची ठेवलीत. तो कौतुकाने जवळ जातो, वाचतो आणि तोंड फिरवतो. फिरवणारच. एका बरणीत गुटख्याच्या पुड्या आहेत, काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. एकीत केसांचा गुंता आहे, कोणाच्या डोक्याचा ते देव जाणे. एकीत कोळंबीची टरफलं आणि विड्यांची थोटकं, एकीत लहान मुलाचा मोजा, एकीत नारळाची शेंडी आणि कुजलेला झेंडू. प्रत्येक बरणीवर चौकोनी चिठ्ठी, तिच्यावर वळणदार अक्षरात बोटीचं नाव आणि खाली एक ओळ: ‘या वस्तूमुळे स्विच अडकला.’

ह्या बरण्या परचुरे काकांच्या. स्टोअर मी सांभाळते, त्यामुळे ही घाण रोज माझ्या डोळ्यांसमोर असते. दोनदा चेअरमननी सांगितलं, “सुनंदा, काढून टाक ते, बघवत नाही.” मी म्हटलं, बघवत नसेल तर बोटीत टाकायचं बंद करा, आणि बरण्या फडक्याने पुसून परत जागेवर ठेवल्या.

आमचं गाव घोडबंदर रोडवरून दिसतच नाही, टॉवरच्या पाठीला आहे. त्या टॉवरमधलं सगळं सांडपाणी खाडीत उतरतं आणि त्याच पाण्यातून आमच्या अकरा बोटी बाहेर पडतात. बोट कितीही चांगली असू दे, तिच्या तळात पाणी झिरपतंच. फळ्यांच्या फटीतून येतं, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याच्या बाजूने येतं, लाटेबरोबर वरून येतं. ते बाहेर फेकायला बॅटरीवरचा पंप असतो, आणि पंप आपोआप चालू व्हावा म्हणून तळात एक स्विच असतो, तळहातात मावेल एवढा. त्याला एक हलका तरंगता तुकडा असतो, त्याला आम्ही फ्लोट म्हणतो. पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो आणि पंप चालू, पाणी उतरलं की फ्लोट खाली आणि पंप बंद. बस, एवढंच काम. पण तो फ्लोट अडकला तर बोट आतून भरत जाते, आणि वर जाळं ओढणाऱ्या माणसांना पत्तासुद्धा लागत नाही.

माझा दीर मोरेश्वर असाच गेला. त्यांच्या बोटीचा पंप सारखा चालू व्हायचा. सारखा चालू होतोय म्हणजे कुठून तरी सारखं पाणी येतंय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात काय आलं, तर पंप बॅटरी खातो. म्हणून खलाशांनी नायलॉनच्या दोरीने फ्लोट खाली बांधून टाकला, की कटकटच नको. चौथ्या दिवशी वसईच्या खाडीच्या तोंडाशी बोट मागच्या बाजूने बुडाली. बाकीच्यांना दुसऱ्या बोटीने उचललं. मोरेश्वर इंजिनाच्या खणात उतरलेला, तो वर आलाच नाही. बोट नंतर ओढून आणली तेव्हा ती दोरी तशीच होती, दोन गाठी मारलेली. आजही ती दोरी आठवली की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

त्यानंतर माझ्या नवऱ्याने, भास्करने, डोंबिवलीहून परचुरे काकांना आणलं. गोदीत इलेक्ट्रिशियन म्हणून जन्म घालवून रिटायर झालेले. मी म्हटलं, कोणी कळकट मिस्त्री असेल. बघते तर पांढरा फुल शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःचा स्टीलचा पेला, स्वतःचा पंचा, डबीत साबण आणि एक लिंबू. आमच्या हातचा चहा घेतला नाही. खुर्ची दिली तर आधी रुमालाने झटकली. मला राग आला. मनात म्हटलं, एवढी किळस येते तर आलात कशाला?

भास्करने बोटीची फळी उचलली. खाली काळं पाणी, वर डिझेलचे सप्तरंगी डाग, त्यात तरंगणाऱ्या पुड्या आणि तो वास. काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “शी.” मोठ्याने नाही, ओरडून नाही. आपण पोराला शी म्हणतो तसं नाही. डॉक्टर रिपोर्ट वाचून मान हलवतो तसं. मग बाहीची घडी घालत घालत कोपराच्या वर नेली, घड्याळ काढून मला धरायला दिलं आणि उघडा हात त्या घाणीत कोपरापर्यंत घातला.

“काका, हातमोजे देतो ना,” भास्कर म्हणाला.

“नकोत. हातमोज्यातून काही कळत नाही. फ्लोट जड झालाय का, बिजागरी घासते का, हे बोटांनाच कळतं.” आणि हात आत तसाच ठेवून माझ्याकडे बघून, “बाई, एखादी रिकामी बरणी आहे का हो तुमच्याकडे?”

ती पहिली बरणी. आमच्याच बोटीची. कोळंबीची टरफलं आणि थोटकं. नंतर त्यांनी हात धुतले, आधी कपड्याच्या पावडरने, मग साबणाने, मग अर्ध्या लिंबाने, नखांच्या कडा एकेक करून. पंधरा मिनिटं. मी मोजलेली. मग त्यांनी विचारलं, “चहा मिळेल का आता?” आणि तो स्वतःच्या पेल्यात ओतून घेतला.

तेव्हापासून दर गुरुवारी यायचे. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून बस, आणि घोडबंदर रोडला बस अडकली की उतरून चालत. एकदाही चुकले नाहीत. आले की एकेका बोटीत उतरायचे, फ्लोट बोटाने उचलायचे, पंपाची घरघर ऐकायचे, मग बादलीभर पाणी ओतून तो आपोआप चालू होतो का बघायचे. “हाताने उचललेला फ्लोट ही अर्धी परीक्षा,” म्हणायचे. “पाण्याने उचलला पाहिजे. बुडताना तुमचा हात तिथे नसतो.”

नवीन स्विच कधी थेट बोटीत बसवला नाही. कुठल्याही दुकानातून आणा, कितीही भारी आणा, तो आधी माझ्या स्टोअरमध्ये खाडीच्या पाण्याच्या बादलीत पंधरा दिवस राहायचा. त्याला एक छोटा बल्ब जोडलेला. रोज सकाळी मी फ्लोट उचलायचा, बल्ब पेटला का ते वहीत लिहायचं. डझनातले दोन-तीन तरी पंधरा दिवसांत नापास व्हायचे, आत पाणी शिरून. “हा समुद्रात नापास झाला असता,” म्हणून काका तो दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकायचे, मेलेल्या झुरळासारखा.

आमच्या लोकांची जोडणी बघून तर त्यांचं डोकंच फिरायचं. दोन वायरी पिळायच्या, वर टेप गुंडाळायची, झालं. आणि तो जोड लोंबतोय तळातल्या पाण्यातच. काका ती टेप सोलायचे, आतली तार हिरवीगार. “हे बघा, हे बघा, कोथिंबीर आहे का ही?” मग जोड वर, पाणी पोचणार नाही अशा जागी न्यायचे, नळी चढवून तापवून बंद करायचे. स्विचची वायर मेन बटणाला जोडायची नाही, फ्यूज घालून सरळ बॅटरीला, म्हणजे कोणी मेन बंद करून घरी गेला तरी पंप जागा. आणि सारखे मागे लागायचे की एक दुसरा स्विच वीतभर वर बसवा, त्याला मोठी घंटा लावा. खालचा अडकला तर वरचा ओरडेल. दर वर्षीच्या मीटिंगला चेअरमन म्हणायचे, “काका, एकच पुरे हो. पुढच्या वर्षी बघू.” नऊ वर्षं ते पुढचं वर्षच चाललेलं. स्पीकरला आणि मंडपाला कधी पुढचं वर्ष लागलं नाही, ते बरोबर त्याच वर्षी यायचे.

रुपेश नावाचा आमच्या नात्यातला एक तरुण तांडेल आहे, म्हणजे बोट चालवणारा. तोंडात चोवीस तास गुटखा. गालाची पिशवी झालेली, बोलताना हनुवटी वर करून बोलतो, सांडू नये म्हणून. पुडी फाडायची, तोंडात टाकायची आणि कागद बोटीतच सोडायचा, हा त्याचा रिवाज. त्याच्या बोटीच्या तीन बरण्या झाल्या. एक दिवस तो स्टोअरमध्ये घुसला. “काका, आपल्या बोटीचं नाव काढायचं तिथून. पब्लिक हसतंय. इज्जतीचा फालुदा झाला ना भाई.”

काका चिठ्ठी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “रुपेशराव, वर्षभर तुमच्या बोटीत एकही पुडी सापडली नाही तर मी स्वतःच्या हाताने चिठ्ठी काढीन.”

“आणि सापडली तर?”

“तर चौथी बरणी.”

रुपेशने दारातच पिंक टाकली, माझ्या उंबऱ्यावर. मी झाडू घेऊन धावले तोवर पळाला. काका उठले, बादली आणली आणि मला बाजूला सारून स्वतः उंबरा धुतला. “शी, शी, शी,” एवढंच चाललेलं. चौथी बरणी दिवाळीच्या आधीच भरली.

आता पिशव्यांचं सांगते. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला बोटी किनाऱ्यावरच असतात, पावसाळाभर ओढून ठेवलेल्या. तिथेच पूजा होते आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीला पाण्यात उतरतात. काकांनी पहिल्या वर्षी ती पूजा बघितली. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, नारळ फुटतो, शेंड्या उडतात, तांदूळ, गुलाल, झेंडूच्या पाकळ्या, सगळं फळ्यांच्या फटीतून तळात. वरून बायका झाडून घेतात, तेही तळातच. काका हात मागे बांधून उभे होते, चेहरा असा की कोणी त्यांना नासकं दूध पाजलंय.

“देवाला दिलेलं तळात कुजवायचं? देवाला असं देतात?” ते भास्करला म्हणाले.

“काका, पूजा बंद करायला नका सांगू,” भास्कर म्हणाला. “ते कोन ऐकनार नाय.”

“पूजा बंद करा असं कोण म्हणतंय? स्विच झाका म्हणतोय मी.”

पुढच्या वर्षी ते अकरा पिशव्या घेऊन आले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, जुन्या साड्यांच्या शिवलेल्या, तोंडाला नाडी. पूजेच्या सकाळी प्रत्येक बोटीत उतरून स्विचवर पिशवी चढवायची, नाडी घट्ट आवळायची. दुसऱ्या दिवशी बोट उतरायच्या आधी सगळ्या सोडवायच्या, धुवायला घरी न्यायच्या. गावातली माणसं हसायची, काका स्विचला सोवळं नेसवतात म्हणून. पण त्यानंतर झेंडूची बरणी परत कधी भरली नाही.

काकूंना मी एकदाच भेटले, डोंबिवलीला, श्रावणातल्या हळदीकुंकवाला गेलेले. गॅलरीत दोरीवर अकरा पिशव्या वाळत होत्या. काकूंनी आमचं बंदर कधी बघितलं नव्हतं, पण सगळ्या बोटी त्यांना साड्यांवरून पाठ. “ही हिरवी, पिवळ्या काठाची, ती तुमच्या बोटीची बरं का,” म्हणाल्या. “माझ्या भावाने पहिल्या दिवाळसणाला दिलेली.” मग हळूच, “यांना सांगू नका, पण मोजायला मीच लागते. जाताना मी मोजून देते, येताना हे मोजून आणतात. आमची वाटणीच आहे तशी.”

काकू मागच्या वर्षी चैत्रात गेल्या. काका दोन गुरुवार आले नाहीत, तिसऱ्या गुरुवारी आले. शर्ट पांढराच, पण इस्त्री नव्हती. सरळ बोटीत उतरले.

त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला पिशव्या घेऊन आले, बांधल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवायला आले. नेहमी वरच्या अंगापासून सुरुवात करायचे, आमची बोट शेवटची, खाली पाण्याजवळ. दहा बोटी झालेल्या. ते आमच्या बोटीकडे निघाले आणि मी दारातून हाक मारली, “काका, आधी खाऊन घ्या. नारळीभात आहे, करंज्या आहेत. वर्षाचा सण आहे.” नऊ वर्षांत त्यांनी आमच्याकडे चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. मी आपली सवयीने विचारायचे. त्या दिवशी ते थांबले. म्हणाले, “घरी कोणी केलं नाही यंदा.” आणि येऊन बसले. आमच्या ताटात जेवले. मला इतका आनंद झाला की मी वाढतच राहिले.

खाऊन, हात धुऊन, त्यांनी पिशवीतल्या पिशव्या मोजल्या. मी बाजूलाच होते. अकरा. मान हलवली, घडी घातली आणि स्टोअरमध्ये जाऊन चिठ्ठ्या लिहीत बसले. भरती आली, बोटी उतरल्या, भास्कर चार खलाशी घेऊन गेला. काकांनी बघितलंय म्हटल्यावर नऊ वर्षांत आमच्यापैकी एकाही शहाण्याने स्वतः तळात डोकावायचे कष्ट घेतले नव्हते. त्या दिवशीही नाही घेतले.

दुपारी दोनच्या सुमाराला बोट परत येताना दिसली. लवकर आली म्हणून मी बाहेर गेले. बोट मागून इतकी खाली की पाणी काठाला लागलेलं, आणि दोन खलाशी बादल्यांनी उपसतायत, बाकीचे दोघं टोपाने. पावसाळाभर ताडपत्रीखाली सुकलेली बोट पहिल्या दिवशी फटीफटीतून पाणी घेते, फळ्या फुगेपर्यंत सगळा भरवसा पंपाचा. ह्यांनी तळावर जाळी टाकलेली, बर्फ टाकलेला. कळलं तेव्हा पाणी बॅटरीला लागून गेलेलं, मग हाताने चालू करायचा पंपही मेला. अजून अर्धा तास बाहेर राहिले असते तर मोरेश्वरच्या शेजारी मला भास्करचा फोटो लावायला लागला असता.

भास्कर कंबरेपर्यंत काळा झालेला. त्याने खाली हात घातला, स्विच फळीवरून उपटला आणि वर धरला. त्याला पिशवी तशीच होती. हिरवी, पिवळ्या काठाची, नाडी घट्ट.

काका स्टोअरच्या दारात उभे होते. त्यांनी खांद्याच्या पिशवीतल्या पिशव्या काढल्या आणि परत मोजल्या. अकरा. आणि बारावी भास्करच्या हातात. काकूंनी कधीतरी एक जास्तीची शिवून ठेवलेली, ती त्या दिवशी बाकीच्यांच्या घडीत आलेली आणि न बांधता खांद्याच्या पिशवीतच राहिलेली. जाताना मोजायला काकू नव्हत्या.

मला हे सगळं नंतर समजलं. तेव्हा मला फक्त पिशवी दिसत होती. मी ओरडले. सगळ्या बंदरासमोर ओरडले. “एक दीर गेला माझा, आता नवरा पण घालवणार होतात? डोळे फुटलेले का तुमचे? दुनियेच्या बरण्या भरता, तुमची कोण भरणार?”

चेअरमन मध्ये पडले, “जाऊ दे सुनंदा, वय झालं त्यांचं.” एक खलाशी म्हणाला, दुसरा स्विच असता, घंटा असती, तर कळलं असतं. तेव्हा काका म्हणाले, “पिशवी मी बांधली होती. सोडवायचीही मीच होती.” बस, तेवढंच.

आणि रुपेश हसला. हनुवटी वर करून, तोंड भरलेलं. “काका, आता ही बरणी एक नंबरला लावा हां!” आजूबाजूचे चार-पाच जण हसले. हेच लोक. ज्यांच्या घाणीत हा माणूस नऊ वर्षं कोपरापर्यंत हात घालत होता, ज्यांची एकही बोट नऊ वर्षांत गेली नाही, ते हसले. रुपेशने पाण्यात पिंक टाकली. ती लाल पिंक काळ्या पाण्यावर पसरली आणि मला खरोखर उलटी आली. भिंतीला धरून मी ओकले. रुपेशची किळस आली म्हणून की स्वतःची, ते तेव्हा कळलं नाही.

तोंड धुऊन आत आले तर काका बाकावर बसलेले. स्वतःच्या जेवणाच्या डब्यातली लोणच्याची छोटी बरणी उघडलेली, काकूंच्या हातचं लिंबाचं लोणचं. उरलेल्या दोन फोडी त्यांनी डब्याच्या झाकणात काढून ठेवल्या. बरणी धुतली, पावडरने, साबणाने, लिंबाने. ती हिरवी पिशवी, काळ्या पाण्याने भिजलेली, न पिळता तिच्यात कोंबली. चिठ्ठी लिहिली: ‘परचुरे. पिशवी सोडवायची राहिली.’ खिडकीत सगळ्या बरण्या सरकवून ती पहिली ठेवली. छत्री घेतली आणि गेले. मी तिथेच उभी होते.

संध्याकाळी भांडी घासताना त्यांचं ताट हातात आलं. अर्धी करंजी तशीच होती. तेव्हा कळलं. आमच्या बोटीकडे निघालेल्या माणसाला हाक मारून मी बसवलेलं. मी वाढत राहिलेले. आणि वर मीच ओरडलेले. एवढी घाण त्या सगळ्या बरण्यांत मिळून नसेल.

पुढच्या गुरुवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलत नव्हते. शेवटी मी डोंबिवलीला गेले. दार त्यांनीच उघडलं. आत बोलावलं, खुर्ची दिली, झटकली नाही. मी सगळं सांगितलं, हाक मी मारलेली, मी अडवलं, चूक माझी आहे, तुम्ही परत या.

“हाक तुम्ही मारलीत,” ते म्हणाले. “परत जाऊन सोडवायची आठवण माझी होती. त्यात तुमचा भात आणू नका. भात चांगला होता.”

“मग या ना काका. सगळे वाट बघतायत.”

“कोणी वाट बघत नाहीये, बाई. खोटं बोलू नका. माझा हात आता माझ्या भरवशाचा राहिला नाही, आणि भरवशाचा नसलेला स्विच मी बोटीत बसवत नाही, तुम्हाला माहीत आहे.” मग आतून एक गठ्ठा आणला. अकरा पिशव्या, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, प्रत्येकीवर शाईने बोटीचं नाव घातलेलं. हिरव्याच्या जागी एक निळी होती. “आता तुम्ही बांधा, तुम्ही सोडा. मोजून नाही. नाव वाचून. आणि फ्लोट पाण्याने उचलला जातो का ते बघितल्याशिवाय फळी बंद करायची नाही.”

मी रडले. त्यांना ते आवडलं नाही. नळावर जा आणि तोंड धुऊन या म्हणाले.

आमच्या बोटीत मी महिन्याभरात वरचा स्विच आणि घंटा बसवून घेतली. बाकीच्या दहा जणांचं अजून पुढचं वर्षच चाललंय. गुरुवारी आता मी उतरते. साडी खोचून, उघड्या हाताने. पहिल्यांदा हात घातला तेव्हा कळलं, ह्या माणसाने काय काय सहन केलं. हाताला काय लागेल सांगता येत नाही. मऊ लागतं ते सगळ्यात वाईट.

ह्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी अकरा पिशव्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवायला घेतल्या, नाव वाचून. दहावी झाली तेव्हा सहज वर बघितलं. टॉवरच्या कंपाउंडला लागून जो रस्ता आहे तिथे काका उभे होते. पांढरा शर्ट, काखेत छत्री. बारीक झालेले.

“काका! या ना खाली!” मी ओरडले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि बोटाने बोटींकडे दाखवलं.

मला समजलं. मी वरच्या अंगाला धावले आणि तिथून एकेक पिशवी दोन्ही हातांनी उलगडून डोक्यावर धरत आले, बोटीचं नाव ओरडत. आजूबाजूची माणसं बघत होती. रुपेश पण बघत होता. मला कोणाचंच काही वाटलं नाही. काका बोटांच्या पेरांवर मोजत होते. दहा झाल्या. मी आमच्या बोटीत चढले, फळी काढली, निळी पिशवी सोडवली आणि वर धरली. अकरा.

काका हलले नाहीत. हात तसाच, पेरावर अंगठा.

मग माझ्या लक्षात आलं. भरतीचं पाणी बोटीला लागलेलं, फटींतून आत यायला लागलेलं. मी फ्लोटला हात लावला नाही. बाजूला झाले आणि वाट बघत बसले. तळात काळं पाणी हळूहळू चढत होतं. भास्कर म्हणाला, “काय गो, काय करतंस?” मी म्हटलं, गप्प बस. फ्लोट हलला, थोडा उचलला गेला, अजून थोडा, आणि पंप घरघरला. बोटीच्या बाजूने काळ्या पाण्याची धार बाहेर पडली, चांगली हातभर लांब, वरून कोणालाही दिसेल अशी.

मी मान वर केली. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्या तोंडाचा आकार मला ओळखता येतो. त्या धारेकडे बघून काका “शी” म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला, कुठेही न लावलेले ते स्वच्छ हात नखांच्या कडांपर्यंत पुसले आणि बस स्टॉपकडे चालायला लागले.